सगळ्यांना सांगून केलेली बचत

त्याच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, आरसा एकच पण भिंतभर, आणि तोंडही एकच पण अखंड. 'रेडिओ' हे नाव त्याला कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं असणार. सकाळी साडेआठला शटर वर गेलं की जो लागायचा, तो शटर खाली येईपर्यंत. कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन फसलं, कोणता दातांचा डॉक्टर चांगला दात काढून किडलेला ठेवतो, नळाला पाणी का येत नाही, सगळं एका दमात. कात्री चालू असली की जीभ चालू, कात्री थांबली की जीभ थांबली. दोघींना एकच मोटर जोडली असावी, असं गिऱ्हाइकं म्हणत.

आणि गंमत अशी की हाच माणूस घरी गेला की मुका. जेवताना 'मीठ दे', 'पुरे', 'दिवा घालव', एवढ्यावर संध्याकाळ निघायची. "दिवसभर लोकांपुढे सांडून येता आणि आमच्या वाट्याला रिकामं भांडं," असं बायको म्हणायची. तो मान हलवायचा.

लेक सात वर्षांची असताना तिच्या मामानं आपला जुना व्हिडिओ गेमचा डबा तिला दिला. त्यात एकच खेळ होता, जहाजाचा. दोघांनी मिळून खेळायचा. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडं सांभाळायची, आणि वाटेतल्या बेटांवरून खजिना गोळा करत पलीकडच्या किनाऱ्याला लागायचं. सात वर्षांच्या कप्तानानं घरात नजर फिरवली, आईचे हात कणकेत होते, म्हणून शिडांवर बापाची नेमणूक झाली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुकान बंद केलं की हा आंघोळ करून, हात दोनदा धुऊन, सोफ्यावर डाव्या बाजूला बसायचा. उजवी बाजू कप्तानाची. "बाबा, डावं शीड!" "ओढलं!" "हे उजवं आहे!" "मग आधी सांगायचं!" आणि धाडकन जहाज खडकावर. घरात त्याचा आवाज ऐकू यायचा तो एवढाच, आठवड्यातून दोन तास. पहिला भाग संपायला चार वर्षं लागली, दुसऱ्याला अकरा. खेळ अवघड होता म्हणून नव्हे, शिडंवाला ढ होता म्हणून.

यंदा वर्षाच्या सुरुवातीला बातमी आली की तिसरा भाग येतोय. पण जुन्या डब्यावर नाही. त्यासाठी नवा कन्सोल लागणार, तो आठ महिन्यांनी बाजारात येणार, आणि किंमत पंचेचाळीस हजार. रेडिओनं त्या रात्री जेवताना मिठाच्या पुढचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"आपण घेऊ या तो."

घराची अर्थमंत्री अर्थातच बायको. एका कापडाच्या दुकानात तिनं बावीस वर्षं गल्ला सांभाळला होता, तिथं एका पैशाचा फरक आला नव्हता. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि बोटं मोजायला घेतली.

"घरखर्चाला हात लावायचा नाही. हिच्या शेवटच्या वर्षाच्या फीला नाही. विम्याला नाही, दुकानाच्या भाड्याला नाही. उरेल ते तुमचं."

"किती उरतं?"

"काहीच नाही."

लेक खो खो हसली. रेडिओ मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं टाल्कम पावडरचा एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा धुतला, झाकणाला कात्रीनं चीर पाडली (कात्री जुनी होती, नव्या कात्रीला त्यानं असलं काही दाखवलंसुद्धा नसतं) आणि आरशासमोरच्या फळीवर मधोमध ठेवला. घरखर्चातला पैसा नको ना? ठीक. मग घरखर्चात कधीच न आलेला पैसा शोधायचा.

असा पैसा असतो का? शोधणाऱ्याला सापडतो. दिवसाला चार चहा पीत होता, त्यातले तीन बंद. दुकानापर्यंत स्कूटरनं यायचा तो पायी यायला लागला. पेट्रोल वाचलं, आणि पोटही जरा आत गेलं. बुटांना नवे तळवे घालायचे होते, त्याऐवजी आत पुठ्ठा घातला. सोमवारची हक्काची सुट्टी सोडून वृद्धाश्रमात जाऊन केस कापायला लागला. तिथं डोकी पुष्कळ आणि केस थोडे, त्यामुळे काम झटपट व्हायचं. आणि गिऱ्हाइकं वर जे सुटे ठेवून जात, ते आजवर कुठं जायचं हे देवालाच ठाऊक, आता सरळ डब्यात.

डबा मधोमध ठेवला म्हटल्यावर खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस विचारणारच, "हे काय?" आणि रेडिओला विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. कन्सोल म्हणजे काय, आतला चकतीवाला भाग कसा, जुन्यापेक्षा नवा किती पटीनं वेगवान, पंचेचाळीसमधले आज किती झाले, कालचे किती. "आज नऊ हजार सहाशे!" असं तो गळ्याभोवती कापड बांधता बांधता जाहीर करायचा. महिन्याभरात गल्लीला या डब्याचं वेड लागलं. ज्यांचे केस वाढले नव्हते तेही डोकवायला लागले. भूगोलाचे एक निवृत्त सर होते, डोक्यावर मोजून वीस-पंचवीस केस. ते महिन्यातून दोनदा कापून घ्यायला लागले. "पुढं काय झालं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही हो," म्हणायचे.

चौथ्या महिन्यात केस कापायचं मशीन जळलं. डब्यातले बत्तीसशे गेले. त्या आठवड्यात दुकानात सुतकी शांतता होती, म्हणजे रेडिओ बोलत होता, पण हळू आवाजात. बँकेच्या सुरक्षारक्षकानं दाढीचे पैसे दिले आणि वर तेवढेच पुन्हा डब्यात टाकले. बेकरीवाल्यानं आपल्या तिन्ही मुलांना एकदम आणलं, त्यातल्या धाकट्याचे केस गेल्याच आठवड्यात कापले होते. तोंडाच्या जोरावर धंदा वाढतो हे रेडिओला कळत होतं, पण एवढा वाढेल असं त्याला वाटलं नव्हतं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथं तर लोक बादल्या घेऊन आले.

सहाव्या महिन्यात लेकीला नोकरी लागली. चांगली नोकरी, पण अशा शहरात की जायला विमान लागतं. पेढा भरवावा तशी तिनं बातमी दिली, आई रडली, हसली, पुन्हा रडली. रेडिओ "छान" म्हणाला आणि हात धुवायला गेला. मग कॅलेंडरपुढे बराच वेळ उभा राहिला. कन्सोल येणार शुक्रवारी. लेकीचं विमान त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी. म्हणजे शुक्रवारचा दिवस, अख्खा शनिवार आणि रविवारची सकाळ. तिसरा भाग संपणार नव्हताच, पण जहाज निदान बंदराबाहेर निघालं असतं. पुढं घर तिच्याविना आणि आपल्या मुकेपणासकट कसं असेल, ते त्याला आत्ताच दिसत होतं. एवढे अडीच दिवस हवेत, बस. त्यापलीकडे त्याला काही नको होतं.

आणि नेमकी ही गोष्ट त्यानं कोणालाही सांगितली नाही. ज्या दुकानात लोकांची मूळव्याधसुद्धा जाहीर व्हायची, तिथं 'माझी लेक चाललीय' एवढे तीन शब्द कधी निघाले नाहीत. कोणी विचारलं, की घाई कसली एवढी, पहिल्याच दिवशी कशाला पाहिजे, तर तो म्हणायचा, "पहिल्या दिवसाची मजा वेगळी असते."

पैसे वेळेत जमणार होते, पण अगदी काठावर. आगाऊ नोंदणीला पूर्ण रक्कम आधी भरावी लागत होती, तेव्हा डब्यात अडतीस हजार होते, त्यामुळे ती संधी गेली. उरला एकच मार्ग, चौकातलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. तिथला मॅनेजर याचंच गिऱ्हाईक. आदल्या शनिवारी तो दाढीला बसला होता, गालावर फेस होता.

"वीसच नग येणारेत," मॅनेजर ओठ न हलवता म्हणाला, कारण वस्तरा ओठाशी होता. "पुढच्या दारानं नाही, मागच्या गोदामाच्या दारानं. आठ वाजता. रांगेतले पहिले वीस. कोणाला सांगू नका हं."

"छे! मी कशाला कोणाला सांगतोय," रेडिओ म्हणाला.

आणि पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसेपर्यंत त्यानं खरोखरच कोणाला सांगितलं नाही.

मग कात्री चालू झाली. "हे फक्त तुम्हाला म्हणून सांगतोय," अशी सुरुवात करून त्यानं शनिवार ते गुरुवार ही गुप्त बातमी एक्केचाळीस जणांना सांगितली. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पाण्यात पडलेला माणूस हात मारणारच.

गुरुवारी संध्याकाळी डबा उघडला. पंचेचाळीस हजार दोनशे. शटरवर त्यानं कागद चिकटवला, 'उद्या बंद. कारण सर्वांना माहीत आहे.'

शुक्रवारी पहाटे पाचला तो घरातून निघाला. पैसे आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन. गोदामाच्या गल्लीत वळला आणि थबकला. रस्त्याच्या दिव्याखाली रांग होती, सगळे पाठमोरे. बाकीचे लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, हा मानेवरून. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं नजर फिरवली. सगळ्या माना त्यानंच कापलेल्या होत्या. काही तर काल संध्याकाळच्या, मानेवरची रेघ अजून ताजी. आठवडाभर दुकानात गर्दी का होती ते आत्ता त्याच्या डोक्यात आलं. रांगेत उभं राहायचं म्हणून लोकांनी केस कापून घेतले होते.

मोजल्या. तेवीस माना. हा चोविसावा.

"या, या, रेडिओ!" भूगोलाच्या सरांनी अकराव्या नंबरवरून हात केला. ते घडीच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर थर्मास. "अहो, आज उशीर?"

"सर, तुम्ही? तुम्हाला घरचा टीव्ही लावता येत नाही!"

"तुम्हीच म्हणालात ना, बोटांच्या सांध्यांना चांगलं असतं म्हणून."

म्हणाला होता. तेही त्याला आठवलं. बेकरीवाला पाचवा होता, सुरक्षारक्षक सतरावा. दोघांनीही आनंदानं हात हलवले. कोणाच्या मनात पाप नव्हतं. आठ महिने ज्यानं सगळ्यांना स्वप्न दाखवलं, त्याचा स्वतःचा नग केव्हाच पक्का झाला असेल, असं प्रत्येकानं धरलं होतं.

"तुम्ही आधी नोंदवलं नाहीत होय?" बेकरीवाल्यानं विचारलं. "अरेरे. पण पुढच्या महिन्यात पुन्हा माल येतोय म्हणे. घाई काय आहे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. तीन शब्द बोलायची गरज होती. ते बोलला असता, तर तेवीसपैकी कोणीही बाजूला झालं असतं. सर तर स्टूल घेऊन झाले असते. हे त्यालाही कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. हातात कात्री नव्हती, कंगवा नव्हता, समोर आरसा नव्हता.

"नाही, घाई कसली," तो म्हणाला.

तरी आठपर्यंत उभा राहिला. माणसाला आशा असते, न जाणो एखादा नग जास्त निघेल. निघाला नाही. सर खोकं छातीशी धरून बाहेर आले तेव्हा त्यांना याच्याकडे बघवेना. "मला शिकवायला याल ना?" एवढंच म्हणाले. "येईन की," हा म्हणाला, आणि अभिनंदनही केलं.

घरी जायला पाय वळेनात. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही आठ महिने घासून घासून गुळगुळीत केलेला. तो दुकानात गेला, शटर अर्धं वर केलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. भिंतभर आरशात एकटाच माणूस दिसत होता.

अर्ध्या तासानं शटरखालून दोन जोडी पाय दिसले. लेक वाकून आत आली, पाठोपाठ बायको. बेकरीवालीनं पाव बांधून देता देता सगळी हकिगत सांगितली होती. या गल्लीत बातमी पसरवायला रेडिओ एकटाच होता असं नाही.

लेकीनं बापाला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली.

"केस कापा माझे."

"तू तर पार्लरमध्ये जातेस."

"आज इथं कापायचेत. सोमवारी नव्या ऑफिसात जायचंय, नीट कापा."

बायको बाकावर बसली. त्यानं कापड झटकलं, लेकीच्या गळ्याभोवती बांधलं, पाण्याचा फवारा मारला, कंगव्यानं बट वर उचलली आणि कात्री लावली. आणि मोटर चालू झाली.

"अगं, काय ती रांग! सर स्टूल घेऊन. थर्मास मांडीवर. बेकरीवाला पाचवा, म्हणजे रात्री झोपलाच नसणार. मान सरळ ठेव. आणि त्या मॅनेजरनं मला सांगितलं होतं हं, कोणाला सांगू नका, पण मी म्हणजे मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, डावीकडे बघ जरा, एक्केचाळीस लोकांना सांगितलं, आणि तू चाललीस परवा, ते मात्र एकालाही सांगितलं नाही, एकालाही, अडीच दिवस होते, अडीच दिवस तुझ्याशेजारी बसायचं होतं, मग तू जाणार आणि घरात मी 'मीठ दे' म्हणत बसणार, हलू नकोस, कानाला लागेल."

लेक हलली होती. आरशातून ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा आरशातून तिच्याकडे बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला तो खेळ आवडतो."

"मला? मला त्या जहाजानं गरगरायचं. रविवारी आंघोळीनंतर मी उलटीची गोळी घेऊन बसायचो. तुला आवडायचा ना!"

"मला बारा वर्षांची असतानाच कंटाळा आला होता. पण तुम्ही दोनदा हात धुऊन येऊन बसायचात. कशी उठणार?"

कात्री थांबली. बाकावरून विचित्र आवाज आला. बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. मग तिनं पदर सोडला आणि मोठ्यानं हसली.

"पंधरा वर्षं!" ती म्हणाली. "पंधरा वर्षं मी दर रविवारी स्वयंपाकघरात एकटी, का तर म्हटलं दोघांचं एवढं आवडीचं आहे, मध्ये कशाला जा!"

लेकही हसायला लागली, मग रडायला, आणि ओल्या केसांमुळे नेमकं काय चाललंय ते कळेना. रेडिओनं टॉवेल दिला. स्वतःला दुसरा घेतला.

मग त्यानं खिशाची सेफ्टी पिन काढली, पुडकं बायकोच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "तिकडं जाऊन-येऊन विमानाला किती पडतं?"

"अकरा हजार," बायको लगेच म्हणाली. तिनं चौकशी केव्हाच करून ठेवली होती.

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि चेहरा उजळला. "म्हणजे चार वेळा जाता येईल. दर तीन महिन्यांनी एकदा!"

"दोन वेळा," अर्थमंत्री नोटा मोजता मोजता म्हणाल्या. "तुम्ही एकटे नाही जायचं."